पार्श्वभूमी : गेमच्या नियमांवरची पेटंटं आणि लोडिंगचा पडदा

'पालवर्ल्ड' या व्हिडिओ गेममध्ये गोळा फेकून प्राणी बाहेर काढण्याची पद्धत नोव्हेंबर २०२४च्या अपडेटमध्ये गेली. प्राणी नुसताच खेळाडूशेजारी येऊन उभा राहू लागला. मे २०२५मध्ये प्राण्याला धरून हवेत तरंगणंही गेलं आणि त्याजागी ग्लायडर आलं. दोन्ही बदल निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोत घातलेल्या पेटंट खटल्यामुळे करावे लागले. पण गेम कसा खेळायचा हे वकिलांना विचारून ठरवण्याची वेळ काही आज पहिल्यांदा आलेली नाही.

१९७०च्या दशकात टीव्हीवरच्या चेंडू-फळीच्या खेळांवरून अमेरिकेत खटले झाले. तो वाद बराचसा सर्किटचा होता. खेळण्याच्या पद्धतीवर मालकी सांगण्याची चढाओढ वाढली ती सीडीच्या काळात, आणि त्यातलं सगळ्यात बोलकं प्रकरण लोडिंगचं, म्हणजे गेम यंत्रात चढेपर्यंतच्या ताटकळण्याचं.

पहिल्या प्लेस्टेशनची सीडी सेकंदाला जेमतेम ३०० केबी माहिती देई. 'रिज रेसर'च्या जपानी निर्मात्यांनी त्यावर सुरेख तोड काढली. शर्यत लोड होईपर्यंत पडद्यावर 'गॅलॅक्सियन' हा त्यांचाच जुना अंतराळयुद्धाचा खेळ खेळायचा. शत्रूची सगळी यानं पाडली की शर्यतीसाठी जादा गाड्या खुल्या होत. कंपनीने १९९५मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि फेब्रुवारी १९९८मध्ये पेटंट पदरात पडलं. दाव्याचा मथितार्थ एवढाच : आधी छोटा दुय्यम गेम लोड करायचा आणि तो खेळला जात असताना मागे मुख्य गेम लोड होऊ द्यायचा.

हे पेटंट द्यायलाच नको होतं, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. कारण १९८७मध्येच कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर 'इनव्हेड-ए-लोड' आला होता. कॅसेटवरून मुख्य गेम चढत असताना खेळणारा पडद्यावर परग्रहवासीयांना गोळ्या घालत बसे. म्हणजे कल्पना आठ वर्षं आधीच बाजारात होती. मात्र असं पूर्वीचं काम लोकांच्या घरच्या कॅसेटींमध्ये असतं, पेटंटच्या दप्तरात क्वचितच. एकदा शिक्का बसला की तो मोडून काढायला जो पैसा आणि वेळ लागतो, तो लहान स्टुडिओकडे नसतो. त्यामुळे वाट बदलणंच परवडतं.

डिझायनरांनी तशी ती बदललीही. 'फिफा'मध्ये सामना लोड होताना रिकाम्या मैदानात एक खेळाडू आणि एक गोलरक्षक देऊन सराव करू दिला. 'बायोनेटा'ने ठोशांच्या जोड्या घोटायला दिल्या. दोन्हींत वेगळा, दुय्यम असा गेम नव्हता. या पळवाटा हुशारीच्या होत्या हे खरं. पण बाकी असंख्य गेममध्ये नुसती सरकती पट्टी आणि 'टिप्स' उरल्या. जे गेम या भीतीने बनलेच नाहीत, त्यांची मोजदाद कुठून होणार?

नोव्हेंबर २०१५मध्ये मुदत संपली. त्या निमित्ताने हौशी मंडळींनी लोडिंगच्या पडद्यांचे खेळ बनवण्याचा खास उपक्रमही केला. पुढे २०२०च्या कन्सोलांत एसएसडी, म्हणजे माहिती झपाट्याने वाचू देणाऱ्या डिस्क आल्या आणि लोडिंगच काही सेकंदांवर आलं. उपाय सगळ्यांना खुला झाला तेव्हा दुखणं जवळपास बरं झालेलं होतं. २० वर्षांची मुदत औषधाला ठीक असेल, या धंद्यात ती कन्सोलच्या तीन पिढ्या खाते.

दरम्यान 'क्रेझी टॅक्सी' या गेममधल्या दिशादर्शक बाणावरून २००३मध्ये खटला झाला आणि तडजोडीत मिटला. २०१४च्या 'शॅडो ऑफ मॉर्डर'मधली 'नेमेसिस' पद्धत, म्हणजे शत्रू आधीची झटापट लक्षात ठेवतो, बढती मिळवतो, पुन्हा समोर येतो, तिला फेब्रुवारी २०२१मध्ये पेटंट मिळालं. ते २०३६पर्यंत चालेल. ती घडवणारा स्टुडिओ फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाला. हक्क मात्र मूळ कंपनीकडेच राहिले.

'पालवर्ल्ड'वरच्या खटल्याबद्दलचा राग आणखी एका कारणाने जास्त आहे. गेम जानेवारी २०२४चा. खटल्यातली पेटंटं २०२१च्या मूळ अर्जांची, पण त्यांतून फोडलेले नवे अर्ज गेम आल्यानंतर, २०२४मध्ये दाखल झाले. कायद्याला हे चालतं.

भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३ने निव्वळ संगणक प्रोग्राम आणि गेम खेळण्याची पद्धत, दोन्ही पेटंटच्या बाहेर ठेवलेत. २००४च्या अखेरीस वटहुकमाने सॉफ्टवेअरचं दार किलकिलं केलं होतं. २००५मध्ये संसदेने ते पुन्हा लावलं. मात्र पुण्यात बनलेला गेम अमेरिकेत किंवा जपानमध्ये विकायचा, तर तिथली पेटंटं त्याला लागू होतात.