पाणथळ जागांचे नियमन व परवाने : शासकीय समन्वय

पाणथळ जागेत किंवा तिच्या काठाला भराव, बांधकाम, सांडपाण्याचा विसर्ग, गाळ उपसा यांसारख्या कामांना परवानगी द्यायची की नाही, हे ठरवताना केंद्र, राज्य व स्थानिक यंत्रणांनी एकमेकांशी सांगड घालून चालवायची कार्यपद्धती. अमेरिकेत 1972 च्या स्वच्छ जल कायद्याच्या कलम 404 खाली भरावाचा परवाना लष्कराची अभियांत्रिकी शाखा देते आणि पर्यावरण संस्थेला नकाराधिकार असतो. भारतात असा स्वतंत्र परवाना नाही. एकाच तळ्याच्या काठावर महसूल, वन, जलसंपदा, नगररचना, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि किनारा प्राधिकरण या सर्वांचे अधिकार एकत्र येतात, आणि कोणाचे चालणार हे बहुतेक वेळा जागेच्या व्याख्येवर व नकाशावरील रेषेवर ठरते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील व्यवस्थेचा विचार केला आहे.

कायदेशीर चौकट : पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय रामसर करार (2 फेब्रुवारी 1971) भारताला 1 फेब्रुवारी 1982 पासून लागू झाला. ओहोटीच्या वेळी 6 मीटरपेक्षा अधिक खोल नसलेले सागरी पाणी, दलदल, तळी, नैसर्गिक वा कृत्रिम, कायमचे वा हंगामी जलक्षेत्र अशी पाणथळ जागेची त्यातील व्यापक व्याख्या आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली केंद्राने 4 डिसेंबर 2010 रोजी पहिले पाणथळ नियम काढले व अधिकार केंद्रीय प्राधिकरणाकडे ठेवले. 26 सप्टेंबर 2017 च्या नियमांनी ते प्राधिकरण रद्द करून राज्य पाणथळ प्राधिकरणे आणली. पर्यावरण किंवा वन खात्याचे मंत्री अध्यक्ष, मुख्य सचिव उपाध्यक्ष, संबंधित खात्यांचे सचिव सदस्य आणि पाणथळ परिसंस्था, जलविज्ञान, मत्स्यव्यवसाय, भूदृश्य नियोजन व सामाजिक-आर्थिक विषय यांचा प्रत्येकी एक तज्ज्ञ, अशी त्यांची रचना. वर्षातून किमान तीन बैठका बंधनकारक. एवढे सचिव एका मेजावर बसवणे हाच नियमांना अभिप्रेत असलेला समन्वय होय. पण प्राधिकरण शिफारस करते, अधिसूचना राज्य शासन काढते आणि जमिनीवरची कारवाई पुन्हा मूळ खात्यांकडेच जाते.

सव्वादोन हेक्टरचा प्रश्न : पाणथळ जागा किती मोठी असली म्हणजे तिला संरक्षण मिळते, यावर सर्वाधिक वाद झाला आहे. 2010 च्या नियमांत समुद्रसपाटीपासून 2,500 मीटरच्या खालील जागांसाठी किमान 500 हेक्टर, तर त्याहून उंचावरील जागांसाठी 5 हेक्टर अशी मर्यादा होती. 2017 च्या नियमांत आकाराची अट नाही. तरीही प्रशासनात व न्यायालयात जो आकडा रुळला आहे तो 2.25 हेक्टरचा, आणि त्याचे मूळ कोणत्याही परिसंस्थीय निकषात सापडत नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने 2006-07 च्या उपग्रहचित्रांवरून 1:50,000 प्रमाणावर राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह तयार केला. या प्रमाणावर कागदावरील 3 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 150 मीटर. 150 गुणिले 150 मीटर म्हणजे 22,500 चौरस मीटर, अर्थात 2.25 हेक्टर. याहून लहान जागेची हद्द या नकाशावर नीट काढता येत नाही, म्हणून त्या केवळ ठिपक्याने दाखवल्या गेल्या. संग्रहात 2.25 हेक्टरहून मोठ्या 2,01,503 आणि लहान 5,55,557 जागांची नोंद आहे.

एम. के. बालकृष्णन विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 फेब्रुवारी 2017 रोजी यांपैकी 2,01,503 जागांना 2010 च्या नियम 4 मधील निर्बंधांची तत्त्वे लागू केली, आणि नकाशाची मर्यादा ही कायद्याची मर्यादा बनली. लहान साडेपाच लाख जागांचे काय, यावर दोन मते दिसतात. एका मतानुसार आदेशाबाहेरील जागा अधिसूचित होईपर्यंत मोकळ्या आहेत. दुसऱ्यानुसार आदेश ही किमान पातळी असून राज्याला कोणत्याही आकाराची जागा अधिसूचित करता येते. 2017 च्या नियमांत आकाराची अटच नसल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, परंतु तालुका पातळीवर ‘यादीत नाही’ हे उत्तर अजूनही पुरेसे मानले जाते. केंद्राच्या 2021 च्या सुधारित संग्रहात मोठ्या जागांची संख्या 2,31,195 भरली, आणि 11 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्यांची प्रत्यक्ष पडताळणी व हद्दनिश्चिती तीन महिन्यांत पूर्ण करण्यास सांगितले. पहिल्या संग्रहानुसार महाराष्ट्रातील मोठ्या जागा 23,046 आहेत.

व्याख्येतील वगळणुकी : 2017 च्या व्याख्येतून नदीपात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय, तसेच मत्स्यसंवर्धन, मीठ उत्पादन, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. नियम 3 च्या परंतुकाने (अपवाद सांगणाऱ्या जोडवाक्याने) वन कायदे, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आणि किनारा नियमन अधिसूचना यांखालील क्षेत्रेही बाहेर ठेवली आहेत. महाराष्ट्रात याचा परिणाम विलक्षण होतो. गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हा सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्याचा फुगवटा आहे, शिवाय अभयारण्य आहे. लोणार सरोवर अभयारण्यात मोडते. ठाणे खाडीच्या 6,521 हेक्टर रामसर क्षेत्रातील (रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतील क्षेत्र) सुमारे 1,690 हेक्टर 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. म्हणजे नियम रामसर स्थळांना लागू असले, तरी परंतुक शब्दशः वाचल्यास राज्यातील या तिन्ही रामसर स्थळांना त्यांचा जेमतेमच स्पर्श होतो. परंतुक केवळ परवानगी कोणत्या कायद्याखाली घ्यायची ते सांगते, व्यवस्थापन आराखड्याची जबाबदारी संपवत नाही, असा अर्थ घेणे श्रेयस्कर.

अधिसूचनेची कार्यपद्धती : एखादी जागा अधिसूचित करण्यापूर्वी तिचे ‘संक्षिप्त दस्तऐवज’ तयार करावे लागते. त्यात अक्षांश-रेखांशांसह अंकीय नकाशावर काढलेली व प्रत्यक्ष पडताळलेली हद्द, प्रभावक्षेत्र (जेथील कामांचा जागेवर परिणाम होतो तो भोवतालचा भाग) व तेथील जमीनवापर, परिसंस्थेचे स्वरूप, पूर्वापार हक्क व सवलती, आणि त्या जागेपुरती परवानगीयोग्य व नियंत्रित कामांची यादी हवी. प्राधिकरणाच्या तांत्रिक समितीने ते तपासल्यावर शिफारस जाते. प्रारूप अधिसूचना, हरकती, सुनावणी आणि शिफारशीपासून 240 दिवसांत अंतिम अधिसूचना, असा क्रम आहे.

पडताळणीचे पथक सहसा मंडळ अधिकारी, तलाठी, भूमी अभिलेखचा भूकरमापक आणि वन किंवा जलसंपदाचा प्रतिनिधी मिळून होते. पहिली चूक ऋतूची. एप्रिल-मेमध्ये पाहणी केली की हंगामी पाणथळ जागा ‘पडीक, कोरडी’ म्हणून पंचनाम्यात येते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे अशा दोन पाहण्या असल्या तरच नकाशासंग्रहाशी तुलना होते, कारण त्यातील चित्रेही मान्सूनपूर्व व मान्सूनोत्तर अशी दुहेरी आहेत. दुसरी चूक नकाशे एकावर एक ठेवण्याची. गाव नकाशे शंकू-साखळीने (जुन्या मोजणी साधनांनी) मोजलेले, तर उपग्रहचित्राचा एक चित्रघटक (पिक्सेल) 23.5 मीटरचा. एवढा एक घटक सरकला तरी 50 मीटरच्या बांधकामबंदी पट्ट्याचा निम्मा भाग जातो. त्यामुळे हद्दीवरचे गट नंबर फेरमोजणीने, रोव्हर (उपग्रहाधारित मोजणी यंत्र) वा तत्सम साधनाने पक्के केल्याशिवाय प्रारूप काढणे म्हणजे हरकतींना आमंत्रण. तिसरी चूक सातबाऱ्यावर नोंद न घेण्याची. इतर हक्कांच्या रकान्यात अधिसूचनेची नोंद नसेल, तर पुढचा खरेदीदार व बिगरशेती परवानगी देणारा अधिकारी दोघेही अनभिज्ञ राहतात.

पूररेषा की तळ्याची पूरपातळी : नियम 4 नुसार पाणथळ जागेचा अन्य वापरासाठी बदल, अतिक्रमण, उद्योगांची उभारणी वा विस्तार, बांधकाम-पाडकामाचा राडारोडा व घातक पदार्थ, घनकचरा, प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि शिकार यांवर बंदी आहे. कायम स्वरूपाचे बांधकाम, बोटींचे धक्के सोडून, सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरपर्यंत करता येत नाही. ही पातळी नियम अमलात येण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील निरीक्षणांवरून काढायची आहे. धरणाखेरीज इतर तळ्यांवर पाणीपातळीची नोंद क्वचितच असते. म्हणून नगररचना कार्यालये हाताशी असलेली जलसंपदा खात्याची निळी रेषा (साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर) किंवा लाल रेषा (100 वर्षांतून एकदा) वापरतात. या रेषा नदीच्या पुरासाठी आहेत. तळ्याच्या दहा वर्षांच्या सरासरीशी त्यांचा संबंध नाही. नोंद नसलेल्या ठिकाणी 2007 ते 2017 दरम्यानच्या मान्सूनोत्तर उपग्रहचित्रांतील सर्वाधिक पाणपसारा दरवर्षी मोजून सरासरी काढणे ही व्यवहार्य वाट आहे. सांडव्याची पातळी गृहीत धरणे सोपे, पण सांडवा नंतर उंचावलेला असल्यास रेषा चुकते.

एखादी बंदी शिथिल करण्याचा अधिकार राज्याला नाही. प्राधिकरणाच्या शिफारशीवरून राज्याने केंद्राकडे प्रस्ताव द्यावा लागतो. उल्लंघनाला पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. 1 एप्रिल 2024 पासून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड न्यायनिर्णय अधिकाऱ्याने ठरवायचा आहे.

किनारपट्टी : येथे पाणथळ नियम मागे पडून किनारा नियमन अधिसूचना (1991, 2011, 2019) व उच्च न्यायालयाचे आदेश पुढे येतात. मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी अंतरिम आणि 17 सप्टेंबर 2018 रोजी अंतिम आदेशाने खारफुटीची तोड रोखली, भोवती 50 मीटरचा पट्टा राखला आणि सार्वजनिक हिताच्या कामांसाठीही न्यायालयाची पूर्वपरवानगी आवश्यक केली. शासकीय जमिनीवरील खारफुटी वन म्हणून घोषित झाल्याने वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, 1980 (2023 पर्यंतचे नाव वन (संवर्धन) अधिनियम) हाही लागू होतो. त्यामुळे खाडीवरील पुलाची वाट अशी असते : मान्यताप्राप्त संस्थेकडून भरतीरेषेचा 1:4,000 प्रमाणावरील नकाशा, महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस, वर्गानुसार केंद्राची वा राज्यस्तरीय मंजुरी, वन मंजुरीचा पहिला टप्पा, उच्च न्यायालयात अर्ज, दुसरा टप्पा आणि शेवटी वन खात्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाची (स्थापना 2012) कार्यपरवानगी. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेसाठी सुमारे 22 हजार खारफुटींची तोड डिसेंबर 2022 मध्ये याच मार्गाने मंजूर झाली.

या साखळीत सर्वात कच्चा दुवा म्हणजे भरतीचे पाणी. परवाना झाडांच्या संख्येवर आणि भरावाच्या घनमीटरवर बोलतो. पुलाखालील मोऱ्यांचा व्यास किंवा बांधातील झडपा यांची अट पुष्कळदा सर्वसाधारण शब्दांत राहते. मोरी अरुंद पडली की उधाणाचे पाणी आत पोहोचत नाही, काही हंगामांत खारफुटी वाळते आणि मग तीच जागा ‘खारफुटीविरहित’ म्हणून पुढच्या अर्जात येते. भरावाच्या तक्रारींसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर विभागीय आयुक्तांच्या पातळीवर समित्या आल्या. कोकणातील समिती त्यांपैकी अधिक सक्रिय. तक्रारीत गट नंबर, अक्षांश-रेखांश व तारखेसह छायाचित्रे असतील तरच पाहणी नेमक्या जागी होते. मिठागरांचा प्रश्न वेगळा आहे : मुंबईतील बहुतांश मिठागर जमीन केंद्राची, व्याख्येतून वगळलेली, पण भरतीच्या पट्ट्यात असल्यास किनारा नियमांखाली येणारी.

विदर्भातील तलाव : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव (पूर्वी मालगुजार म्हणजे गावाचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे असलेले), बोलीभाषेत मामा तलाव, हे वगळणुकीचे सर्वात अवघड उदाहरण. परंपरेने ते कोहळी समाजाने गोंड राजांच्या आश्रयाने बांधल्याचे मानतात. काळ साधारण सोळावे ते अठरावे शतक असा सांगितला जातो, मात्र तलावागणिक पुरावा तुटपुंजा आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली व तलाव शासनाकडे आले. 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे जलसंपदा खात्याकडे आहेत. मासेमारी ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांना ठेक्याने मिळते, आणि निस्तारपत्रकातले (सामाईक वापराचे हक्क नोंदणाऱ्या पत्रकातले) हक्क गावाचे. सिंचनासाठी बांधलेले म्हणून ते व्याख्येबाहेर, तर सारस क्रौंचासारख्या पक्ष्यांचा अधिवास म्हणून संरक्षणाच्या चर्चेत. व्यवहारात तंटा बहुधा तीन गोष्टींवर होतो : उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळावरील गाळपेर (गाळातली पेरणी), गाळ काढताना काठाची पाणवनस्पती खरवडली जाणे आणि बेशरम या आक्रमक झुडपाचा फैलाव. गाळ उपशाच्या अंदाजपत्रकातच काठालगतचा काही पट्टा न खोदण्याची अट घातली तर पाणथळ अधिसूचनेवाचूनही बरेच साधते.

गोवा व केरळ : गोव्यातील खाजन जमिनी, म्हणजे बांध व मानस (भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) यांनी खारे पाणी राखून केलेली भातशेती व मासेमारी, भातखाचरे म्हणून पाणथळ नियमांबाहेर पडतात, त्यांचे रक्षण 2011 च्या किनारा अधिसूचनेतील गोव्यासाठीच्या खास तरतुदींत आहे. कुडचडे परिसरातील 42 हेक्टरचे नंदा तळे हे राज्यातील पहिले रामसर स्थळ (2022). केरळने 2008 च्या स्वतंत्र कायद्याने भातखाचरे व पाणथळ जागा एकत्र धरल्या आणि कृषी अधिकारी निमंत्रक असलेल्या स्थानिक समित्यांकडे गावनिहाय माहितीपेढी सोपवली.