ट्वँग म्हणजे नाकात बोलणं नव्हे

टेक्ससला शिकायला गेलेला भाचा परवा फोनवर म्हणाला, "मामा, इकडची लोकं नाकात बोलतात, त्यालाच ट्वँग म्हणतात ना?" तर अगदी तसं नाही, आणि हा गैरसमज खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचाही आहे.

हेल ओळखायला इंग्रजीत असे घरगुती शब्द बरेच. अमेरिकेच्या दक्षिणेकडे स्वर ताणून बोलतात तो ड्रॉल, वेल्श लोकांचा वरखाली झुलणारा लिल्ट, आयरिश ब्रोग, स्कॉटिश र ची घरघर म्हणजे बर. लिव्हरपूलची बोली स्काउस, हे नाव तर खलाशांच्या लॉब्सकाउस नावाच्या मटण-बटाट्याच्या रश्श्यावरून पडलंय. पण मला सगळ्यात आवडतो ट्वँग, म्हणजे बोलण्यातला धारदार खणखणीतपणा, मुळात धनुष्याची ताणलेली दोरी सोडल्यावर येतो तो आवाज, आपला टणत्कार.

आता नाक चिमटीत धरा आणि म्हणा "काका परत आला". काही फरक पडला नाही ना? मग म्हणा "मामी नंतर येणार", आवाज लगेच कोंडतो, कारण म, न, ण ला हवा नाकातूनच जावी लागते. आता नाक तसंच धरून बदकासारखं "क्वॅक क्वॅक" करा, टणत्कार शाबूत राहू शकतो, म्हणजे त्यासाठी नाक लागतंच असं नाही (काहीजण दोन्ही एकत्र करतात ते वेगळं).

खरी गंमत घशात आहे. स्वरतंतूंच्या लगेच वर साधारण 3 सेंटीमीटरची छोटी नळी असते, ट्वँग करताना ती आवळली जाते आणि वरच्या घशापेक्षा खूप अरुंद झाली की स्वतंत्र बासरीसारखी घुमायला लागते. एका बाजूने बंद नळीत तिच्या चौपट लांबीची लहर घुमते, म्हणजे 12 सेंटीमीटर, आवाजाचा वेग सेकंदाला 34000 सेंटीमीटर, भागाकार केला की साधारण 2800 हर्ट्झ. आणि आपला कान 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यातच सगळ्यात तिखट असतो! म्हणून जोर न लावताही असा आवाज गोंगाटातून आरपार येतो. ऑपेरा गायक ऑर्केस्ट्रावर मात करतात तेही याच नळीच्या जोरावर, योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1974 मध्ये ते मांडलं.

आणि हो, अमेरिकेच्या दक्षिणेत उकडतं म्हणून तिथली माणसं सावकाश बोलतात असं जे ठासून सांगितलं जातं त्यावर विश्वास ठेवू नका, चेन्नईत काय कमी उकडतं, तरी तमिळ भराभरच बोलतात की.

भाच्याला सांगितलंय, रूममेटला नाक धरून बोलायला लाव आणि मला फोनवर ऐकव.