नाव एममॅप, पण कोणाचा?

लिनक्ससाठी बांधलेला प्रोग्राम फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जसाच्या तसा चालू शकतो. व्हर्च्युअल मशीन लागत नाही, पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, त्यासाठी एक थर आहे, त्याला लिनक्स्युलेटर म्हणतात. १९९५ साली आलेल्या २.१ आवृत्तीपासून तो आहे. प्रोग्राम लिनक्सच्या पद्धतीने सिस्टिम कॉल (कर्नलकडे कामाची मागणी) करतो, हा थर तो झेलतो आणि आपल्या कर्नलला समजेल अशा रूपात पुढे देतो. मेमरी मॅपिंगपाशी, म्हणजे फाइल किंवा कोरी मेमरी प्रोग्रामच्या पत्त्यांवर जोडून देण्यापाशी, पोचल्यावर वाटतं, इथे काय अवघड? त्यासाठीचा कॉल म्हणून लिनक्सकडे एममॅप आहे, फ्रीबीएसडीकडेही एममॅप आहे. आर्ग्युमेंट्स दोन्हीकडे सहा, क्रमही तोच. घ्यायचं आणि पुढे ढकलायचं.

पण हे जुळे भाऊ नाहीत, चुलत भाऊ आहेत. मूळ एकच: १९८३ च्या ४.२बीएसडीच्या दस्तऐवजात एममॅपचं वर्णन होतं, फक्त तो तेव्हा प्रत्यक्षात लिहिलेला नव्हता. जे जुनं आणि सामाईक, ते आजही जुळतं. कॉलसोबत जाणाऱ्या सूचनांचे बिट, म्हणजे फ्लॅग, पाहा: मॅप_शेअर्ड म्हणजे १, मॅप_प्रायव्हेट म्हणजे २, मॅप_फिक्स्ड म्हणजे हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) १०, दोन्ही घरांत. त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या गरजेने बिट वाटले. फाइलशिवाय कोरी मेमरी मागणारा मॅप_ॲनॉनिमस तर रोजच्या वापरातला, पण युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या पॉसिक्स या सामाईक मानकात तो २०२४ च्या आवृत्तीत आला. तोवर ६४-बिट इंटेल-एएमडीवरच्या लिनक्सने त्याला हेक्स २० दिलं होतं आणि फ्रीबीएसडीने हेक्स १०००.

नुसते आकडे वेगळे असते तर एवढं बिघडलं नसतं. खरी गंमत एकाच आकड्याला दोन अर्थ असतात तिथे आहे. हेक्स २००० लिनक्सवर मॅप_लॉक्ड, म्हणजे ही पेजेस (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे) रॅममध्येच धरून ठेव. फ्रीबीएसडीवर तोच बिट मॅप_गार्ड, म्हणजे या पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही. हेक्स ४००० लिनक्सवर मॅप_नोरिझर्व्ह, फ्रीबीएसडीवर मॅप_एक्स्क्ल; हा दुसरा मॅप_फिक्स्डच्या सोबतीशिवाय आला तर कर्नल विनंती फेटाळतो. जावाचं व्हर्च्युअल मशीन हीपसाठी (प्रोग्रामच्या डेटाच्या मेमरीसाठी) जागा राखताना नेमका नोरिझर्व्ह वापरतं. म्हणजे फ्लॅग न बदलता पुढे ढकलले तर जावा दारातच अडखळणार. म्हणून एम्युलेशनच्या थरात प्रत्येक बिट सुटा तपासून त्याचा नवा शब्द जुळवावा लागतो. जो कळत नाही तो गाळावा लागतो. गाळणं हा आळस नाही. लिनक्सचा एममॅप परंपरेने अनोळखी फ्लॅगकडे काणाडोळा करतो, फ्रीबीएसडीचा तक्रार करतो. लिनक्सचा तो काणाडोळाही नकलेत उतरायला हवा.

चूक कळवणारे आकडेही असेच. लिनक्स चूक कळवताना निकालाच्या रजिस्टरमध्येच ऋण आकडा ठेवतो; फ्रीबीएसडी कॅरी फ्लॅग उंचावून धन आकडा देतो. ‘मेमरी नाही’ला दोघेही १२ म्हणतात, त्यामुळे पहिल्या चाचण्या बिनबोभाट पार पडतात. मग कधीतरी ‘पुन्हा प्रयत्न कर’ येतं. लिनक्सवर ते ११, फ्रीबीएसडीवर ३५. आणि लिनक्सवर ३५ म्हणजे डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत अडकणं), फ्रीबीएसडीवर डेडलॉक ११! एकमेकांच्या खुर्चीवर बसलेत दोघे. तक्ता लावून रूपांतर केलं नाही, तर प्रोग्राम नसलेल्या डेडलॉकचा शोध घेत बसेल.

३२-बिट लिनक्सचे दोन एममॅप पटकन उरकतो. जुना कॉल (क्रमांक ९०) सहाही आर्ग्युमेंट्स एका स्ट्रक्चरमध्ये घालून त्याचा फक्त पत्ता देतो. नवा एममॅप२ (क्रमांक १९२) फाइलमधलं ऑफसेट बाइटमध्ये न देता ४०९६ बाइटच्या एककात देतो, म्हणजे ३२ बिटांतही ४ जीबीच्या पुढे पोचता येतं. एम्युलेटरला ४०९६ ने गुणायचं असतं, पण गुणाकार ६४-बिटमध्ये. तो ३२-बिटमध्ये केला की वरचे बिट गळतात आणि मोठ्या फाइलचा भलताच भाग मॅप होतो.

इथवरचं काम कारकुनी आहे. तक्ते नीट लावले की सुटतं. आकडा बरोबर बदलूनही वागणूक जुळत नाही, तिथे मात्र तक्ता उपयोगाचा नाही.

स्टॅकचंच घ्या, म्हणजे चालू फंक्शनांची माहिती ठेवणाऱ्या मेमरीचं. मॅप_स्टॅक नावाचा फ्लॅग दोघांकडे आहे. लिनक्सवर त्याने स्टॅक वाढत नाही; वर्षानुवर्षं तो काहीच करत नव्हता. पुढेमागे लागेल म्हणून ठेवलेला. फ्रीबीएसडीवर तो खरोखर खाली वाढत जाणारा स्टॅक तयार करतो. लिनक्समध्ये ते काम मॅप_ग्रोजडाउन करतो. म्हणजे नावावर विश्वास ठेवला तर चुकीच्या जोड्या लागतात. बरं, ग्रोजडाउनची जोडी स्टॅकशी लावली तरी लांबीचा अर्थ फिरतो. लिनक्सवर लांबी म्हणजे स्टॅक आत्ता केवढा आहे ते. पुढे तो दिलेल्या पत्त्याच्या खाली वाढत जाणार. फ्रीबीएसडीवर लांबी म्हणजे स्टॅक जास्तीत जास्त केवढा होईल ते. दिलेला पत्ता हाच त्याचा तळ, त्याखाली तो जात नाही. लिनक्सच्या प्रोग्रामने ६४ केबी मागितले आणि थराने तेच पुढे दिले, तर ६४ केबी संपताच प्रोग्राम कोसळेल. लिनक्स्युलेटर म्हणून स्टॅकचा माथा जागच्या जागी ठेवतो आणि तळ खाली सरकवतो, दोन एमबीतून थोडी संरक्षक जागा वजा करून उरेल तिथपर्यंत. दोन एमबीच का? जुन्या लिनक्सथ्रेड्स लायब्ररीची स्टॅकची मर्यादा तेवढी होती. कर्नलमधला हा निर्णय एका लायब्ररीची सवय पाहून घेतलेला आहे. शुद्धतावाद्यांना तो खुपेल. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण एम्युलेशनचं गिऱ्हाईक प्रत्यक्ष चालणारे प्रोग्राम आहेत.

एमरीमॅप हा मॅपिंगचा आकार बदलणारा लिनक्सचा कॉल फ्रीबीएसडीकडे मुळात नाहीच. लिनक्स्युलेटर मॅपिंग लहान करून देतो; मोठं करायला सांगितलं की ‘मेमरी नाही’ म्हणून मोकळा होतो. अर्धवट वाटतं खरं, पण ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा रीॲलॉक (घेतलेली मेमरी लहानमोठी करणारं फंक्शन) हा नकार मुकाट्याने पचवतो: नवी जागा घेतो, मजकूर हलवतो, जुनी सोडतो. वेळ जातो, डेटा जात नाही.

उलट जिथे होकारच धोक्याचा, तो कॉल मॅडव्हाइज; मेमरी कशी वापरणार हे प्रोग्राम त्यातून कर्नलला सांगतो. त्यातला मॅडव्ही_डोंटनीड दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे त्याचा आकडा ४ आहे. तक्त्यात काहीच बदलायचं नाही! फ्रीबीएसडीवर तो सल्ला आहे: ही पेजेस इतक्यात लागणार नाहीत, त्यांची पत खाली आण. आतला मजकूर सुरक्षित राहतो. लिनक्सवर तो हुकूम आहे: खाजगी ॲनॉनिमस पेजेस लगेच टाकून दे, पुढच्या वेळी वाचलं की शून्यं दिसली पाहिजेत. ग्लिबसीचा पॉसिक्स_मॅडव्हाइज हा सल्ला आला की लिनक्सवर काहीच करत नाही, कारण मानकाला अपेक्षित असलेला निरुपद्रवी सल्ला आणि लिनक्सचा हा हुकूम यांचा मेळ बसत नाही.

मेमरी वाटणाऱ्या लायब्रऱ्या या शून्यांवर विसंबतात. डोंटनीड दिलं, यश कळलं, म्हणजे हा तुकडा आता कोरा. पुन्हा पुसायची गरज नाही. एम्युलेटरने तो कॉल नुसता सल्ला म्हणून पुढे दिला, तर परत मिळतं तेही यशच. फक्त त्या ‘कोऱ्या’ तुकड्यात आधीचा डेटा तसाच बसलेला असतो. एरर नाही, क्रॅश नाही. बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी एखादा पॉइंटर विचित्र निघतो. म्हणून लिनक्स्युलेटरमध्ये डोंटनीडसाठी वेगळा कोड आहे.

हीच चूक यूझर-स्पेसमधल्या (कर्नलबाहेर चालणाऱ्या) क्यूईएमयू या एम्युलेटरमध्येही होती. तो हा कॉल गिळून यश कळवायचा. मेमरी वाटणाऱ्या जेईमॅलॉक या लायब्ररीत त्यावर उपाय केला गेला. सुरू होताना जेईमॅलॉक एक पेज घेतं, त्यात काहीतरी लिहितं, डोंटनीड देतं आणि लिहिलेलं पुसलं गेलं का ते तपासतं. नसेल, तर पुढे स्वतः मेमसेट या फंक्शनने पुसतं आणि इशारा छापतं: क्यूईएमयूखाली चालवत असाल, तर हे अपेक्षितच आहे.