तारलीचं पोट का फुटतं?

परवा मालवणच्या बाजारात एका पाटीतली निम्मी तारली पोट फुटलेली होती. शेजारच्या गिऱ्हाइकाने लगेच सांगून टाकलं, "औषध मारलंय." मासे विकणाऱ्या मावशी उसळल्या, "औषध खयचा ओ! पोटभर खाल्लेली तारली अशीच फुटता."

मावशींचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चरत असताना जाळ्यात आलेल्या माशाच्या पोटात पाचक विकरं, म्हणजे एन्झाइम्स, भरपूर असतात. मासा मेला की त्यांच्यावरचा बंदोबस्त संपतो. ती आतड्यातून झिरपतात आणि पोटाची पातळ भिंतच पचवायला घेतात. बोटाने दाबून पाहिलं तर फुटलेल्या कडेचं मांस पिठासारखं मऊ लागतं आणि बारीक काटे उघडे पडलेले दिसतात. बर्फात विकरं मंदावतात, म्हणून बर्फ वेळेवर पडायला हवा. रसायनाचा इथे काही संबंध नाही.

पण मग आपलं काय? आपलं स्वादुपिंडही प्रथिनांचंच बनलेलं आहे आणि ते दिवसाला साधारण दीड लिटर पाचक रस तयार करतं. जिवंतपणी ते स्वतःलाच का खात नाही? मला वाटतं, शरीरातली सगळ्यात देखणी युक्ती इथे आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. ती तोडणारं मुख्य विकर ट्रिप्सिन. पण स्वादुपिंड ट्रिप्सिन बनवतच नाही. बनवतं ते ट्रिप्सिनोजेन, म्हणजे कुलूप लावलेलं ट्रिप्सिन. त्याच्या सुरुवातीला आठ मण्यांची जादा पट्टी असते. तिच्या शेवटी ओळीने चार अ‍ॅस्पार्टिक आम्लं आणि मग एक लायसिन. लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागाच्या अस्तरावर एन्टेरोकायनेज नावाचं विकर बसलेलं असतं. ते नेमकी हीच खूण ओळखतं आणि लायसिनच्या पुढे काप देतं. पट्टी गळून पडते. आता उघडं पडलेलं नवं टोक, आयसोल्युसिनचं, वळून प्रथिनाच्या पोटात शिरतं. त्याचा धन भार आतल्या एका अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या ऋण भाराला चिकटतो, आणि त्या एका ओढीने सगळी घडी बदलून तोडायच्या मण्याला धरणारा खिसा तयार होतो. कात्री उघडली! हे ट्रिप्सिन मग कायमोट्रिप्सिनसारख्या बाकीच्या विकरांची कुलपं उघडत जातं. एन्टेरोकायनेज 1899 मध्ये पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. कुत्र्यांच्या लाळेवरच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेले तेच पाव्हलॉव्ह. त्यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी.

चुकून एखादं कुलूप स्वादुपिंडातच उघडलं तर? ट्रिप्सिनला तिथल्या तिथे जखडणारं एक छोटं प्रथिन पहाऱ्याला असतं. पित्ताच्या खड्यांमुळे किंवा दारूमुळे हा पहारा अपुरा पडला, तर स्वादुपिंडाला भयंकर दुखणारी सूज येते. तारलीच्या पोटात मेल्यावर जे होतं, त्याची ही जिवंतपणीची सुरुवात.

ट्रिप्सिनला मासा आणि दूध यांतला फरक कळत नाही. दोन्हींच्या प्रथिनांत लायसिन किंवा आर्जिनिन दिसलं की ते तोडतं. मासे खाऊन दूध प्यायलं की कोड येतं, ही भीती आपल्याकडे अजून शिकल्यासवरल्या घरांतही पोरांना घातली जाते. ती सोडून द्या. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेतल्या रंगपेशी मारते. जेवणातल्या जोडीचा त्याच्याशी संबंध नाही.

भाताचं काम सोपं. घास नीट चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडू लागलेलं असतं. उरलेलं काम आतड्यात होतं. स्वादुपिंडाच्या अमायलेजला कुलूप नसतं, कारण स्वादुपिंडात खायला स्टार्च कुठे आहे?

आमटीतल्या खोबऱ्याचा मेद मात्र पाण्यात मिसळत नाही. पित्तातले क्षार त्याचे बारीक थेंब करतात, पण तेच क्षार थेंबावर असे पसरतात की मेद तोडणाऱ्या लायपेजला टेकायला जागा उरत नाही. तिथे कोलायपेज नावाचं छोटं प्रथिन थेंबावर नांगर टाकून लायपेजला धरून ठेवतं. स्वादुपिंडातून निघताना कोलायपेजलाही कुलूप असतं आणि ते उघडतं ट्रिप्सिन. म्हणजे खोबऱ्याचा मेद नीट पचायलाही आधी ती आठ मण्यांची पट्टी गळावी लागते.