बालरोगात पीजी करायचंय? नाशिककरांसाठी फॉर्म, कागदपत्रं आणि थिसिसची माहिती

म्हसरूळला आरोग्य विद्यापीठात जाऊन एमडी पीडियाट्रिक्सचा फॉर्म मिळतो का, असं बरेच पालक विचारतात. नाही मिळत. 1998 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ कॉलेजांना संलग्नता देतं, परीक्षा घेतं, डिग्री देतं, पण ॲडमिशन होते नीट-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर. त्यासाठी एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप आणि मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं.

नीटचा निकाल लागला की रजिस्ट्रेशन दोन ठिकाणी वेगवेगळं करायचं, हे नीट लक्षात ठेवा. सरकारी कॉलेजच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यात एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते, डीम्ड विद्यापीठांच्या आणि डीएनबीच्या (हॉस्पिटलमध्ये राहून करायची एमडीच्या तोडीची पदवी) जागाही तिथेच, आणि राज्याच्या कोट्यातल्या व खासगी कॉलेजच्या जागा महाराष्ट्राचा सीईटी सेल भरतो. म्हणजे आडगावचं मविप्रचं कॉलेज किंवा घोटीजवळचं एसएमबीटी डोक्यात असेल तर सीईटी सेलचा फॉर्म भरावाच लागेल. राज्य कोट्याची पात्रता मात्र त्या वर्षीच्या ब्रोशरमध्येच वाचा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, कारण 29 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने पीजीला डोमिसाईलवर आरक्षण देता येणार नाही असा निकाल दिलाय.

कागदपत्रं म्हणाल तर नीटचं ॲडमिट कार्ड आणि स्कोअरकार्ड, एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, अटेम्प्ट सर्टिफिकेट (कितव्या प्रयत्नात पास झालात ते), इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, जन्मतारखेसाठी दहावीचं सर्टिफिकेट, आधार, मेडिकल फिटनेस. यातलं बाकी सगळं मिळून जातं, खरी धावपळ होते ती आरक्षणातल्या मुलांची. जातीचा दाखला सेतूतून निघतो, पण त्याची व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, पडताळणी समितीकडून येते आणि तिला महिने लागतात. अर्ज इंटर्नशिपमध्येच टाकून द्या. नॉन-क्रीमीलेयरची तारीख पुढच्या 31 मार्चपर्यंत चालतेय ना तेही बघा. आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव एक आणि जातीच्या दाखल्यावर दुसरं, असं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण कौन्सेलिंगच्या राऊंडमध्ये हातात मोजकेच दिवस असतात.

एमबीबीएस नसलं तरी या विषयात यायला वाट आहे. बीएएमएसवाल्यांसाठी एआयएपीजीईटी ही आयुषची पीजी प्रवेश परीक्षा देऊन कौमारभृत्य, म्हणजे आयुर्वेदातलं बालरोग, आणि बीएस्सी नर्सिंगवाल्यांसाठी दोन वर्षांचं एमएस्सी, चाइल्ड हेल्थ नर्सिंग. नर्सिंगला बीएस्सीत 55 टक्के, नोंदणी आणि वर्षभराचा अनुभव लागतो.

आता रिसर्च. एमडी तीन वर्षांचं, त्यात तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी आरोग्यसेवेत काम असतं आणि रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाइन कोर्सही कंपल्सरी आहे. थिसिसचा विषय पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गाइडशी बोलून ठरवा, मग सिनॉप्सिस (अभ्यासाचा थोडक्यात आराखडा) आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी. मंजुरी हातात येण्याआधी एकाही पेशंटचा डेटा घ्यायचा नाही, आणि क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिलं मूल अभ्यासात घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी झालेली पाहिजे.

मुलांच्या अभ्यासात संमती पालकांची आणि मुलाची, अशी दोघांची लागते. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची तर सही हवीच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाला त्याला कळेल असं सांगून त्याचाही होकार घ्यायचा, बारापर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी. मुलाच्या कागदावर "नमुना संकलन" लिहून काय उपयोग, "तुझ्या हातातून थोडं रक्त घेणार, जरासं दुखेल, नको असेल तर नाही म्हण, तरीही औषध मिळणारच" असं लिहा. सुरगाणा-पेठकडून आलेल्या आईला वाचता येत नसेल तर तिच्या ओळखीच्या भाषेत वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, आणि बाजूला तुमच्या टीममधला नसलेला साक्षीदार ठेवून त्याचीही सही घ्यायची. ही सगळी पत्रकं मराठीत तयार करून सिनॉप्सिससोबतच कमिटीला द्या, म्हणजे त्यासाठी फाइल परत येणार नाही.