रेकॉर्ड कोणाचं, हे फॉर्मला विचारायचं नाही

वेबसाइटवर नवीन नोंद सेव्ह करताना यूजर आयडी सेशनमधून (लॉगिन कोणी केलंय याची सर्व्हरकडची नोंद) घ्या, फॉर्ममधून नको, हे आज कुठल्याही ट्युटोरियलमधे एका ओळीत सांगून मोकळे होतात, पण ती ओळ सगळ्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत बरीच वर्षं गेली आणि मधे चांगली शोभाही झाली.

मुळात एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्याला, आठवण नाही, प्रत्येक रिक्वेस्ट म्हणजे नवा पाहुणा. १९९४ ला नेटस्केपमधे लू माँटुलीने कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून दर वेळी परत पाठवायची छोटी चिठ्ठी, आणली तेव्हा कुठे सर्व्हरला 'हा मघाचाच' हे ओळखता यायला लागलं. तरी लोक यूजरचा आयडी हिडन फील्डमधे, म्हणजे फॉर्मच्या न दिसणाऱ्या रकान्यात, घालून पेजवर पाठवायचे आणि परत येईल तो खरा मानायचे. हिडन कसलं डोंबलाचं, पेजचा सोर्स उघडला की समोरच, आणि बदलून पाठवताही येतो! पीएचपी या भाषेत रजिस्टर ग्लोबल्स हे सेटिंग चालू असलं की यूआरएलमधे लिहाल त्याचं थेट व्हेरिएबल व्हायचं. २००२ मधे, पीएचपी ४.२ पासून, ते डिफॉल्टने बंद झालं आणि कायमचं गेलं १ मार्च २०१२ ला, ५.४ मधे.

तीनच दिवसांनी, ४ मार्चला, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर तेच दुखणं वेगळ्या कपड्यात आलं. गिटहब बनलेलं रेल्स या वेब फ्रेमवर्कवर. रेल्समधे फॉर्ममधून आलेला अख्खा गठ्ठा मॉडेलला (डेटाबेसमधलं टेबल सांभाळणारा कोड) दिला की ते आपापले कॉलम भरून घ्यायचं, याला मास असाइनमेंट म्हणतात. सोय भारीच, पण गठ्ठ्यात कोणी यूजर आयडी घुसवला तर तोही निमूट भरला जायचा. कुठले कॉलम चालतील याची यादी देता यायची, पण ती द्यायची आठवण डेव्हलपरने ठेवायची. एगोर होमाकोव्ह या डेव्हलपरने हे रेल्सवाल्यांना आधी सांगितलं होतं, त्यांचं म्हणणं ही ज्याची त्याची जबाबदारी. मग त्याने गिटहबच्या पब्लिक की (माणूस ओळखायची डिजिटल किल्ली) अपडेट करायच्या फॉर्ममधून आपली की थेट रेल्सच्याच खात्याला जोडली आणि त्यांच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, एक फाइल पुश करून दाखवली. गिटहबने आधी त्याचं अकाउंट सस्पेंड केलं, नंतर परत चालू केलं.

मग मात्र हालचाल झाली. २०१३ च्या रेल्स ४ मधे स्ट्राँग पॅरामीटर्स आले, परवानगी दिलेले कॉलमच आत जाणार. अर्थात त्या यादीत यूजर आयडी स्वतःच्याच हाताने लिहिला तर काय उपयोग, आणि लिहितात लोक, मी पाहिलंय. त्यापेक्षा रेकॉर्डच करंट यूजरच्या असोसिएशनमधून (लॉगिन केलेल्या यूजरला जोडलेल्या नोंदींच्या यादीतून) बनवलं की आयडी पाठवायचा प्रश्नच येत नाही. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कवाले फॉर्म कमिट न करता (डेटाबेसमधे न लिहिता) सेव्ह करतात, मग रिक्वेस्टमधला यूजर लावतात आणि परत सेव्ह करतात, तेही तेच.

२०१६ च्या जानेवारीत पोस्टग्रेस या डेटाबेसचं ९.५ आलं आणि रो लेव्हल सिक्युरिटीमुळे, म्हणजे ओळीओळीवर लावायच्या नियमांमुळे, हा पहारा डेटाबेसमधेच बसवता आला, तशी पॉलिसी (नियम) लिहिली की इन्सर्ट होणाऱ्या ओळीवर दुसऱ्याचा आयडी असेल तर डेटाबेसच नाही म्हणतो. फक्त टेबलच्या मालकाला ही पॉलिसी डिफॉल्टने लागूच होत नाही आणि बरेच ॲप नेमके त्याच मालकाच्या लॉगिनने जोडलेले असतात, तिथे मालकालाही पॉलिसी लागू करणारं फोर्स वेगळं लावावं लागतं.