डिझेल सांडलेली माती फेकू नका

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, शेडमध्ये डिझेलची टाकी झिरपली की पहिला विचार येतो तो ट्रॉली बोलावून ती माती कुठेतरी टाकून यायचा. कृपया तसं करू नका. नाल्याकाठी टाकलेल्या मातीतलं डिझेल पहिल्या मोठ्या पावसात विश्वामित्री नदीकडे निघतं. ती माती जिवाणूंकरवी स्वच्छ करता येते, आम्ही तेच काम करतो.

डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. मातीतल्या स्यूडोमोनाससारख्या कित्येक जिवाणूंचं ते खाद्य आहे आणि हे जिवाणू तुमच्या आवारात आधीपासूनच असतात. म्हणून बाटलीतलं जिवाणूंचं 'कल्चर' घ्याच, असा आग्रह आम्ही धरत नाही. बाहेरून आणलेले जिवाणू नव्या मातीत बहुधा तग धरत नाहीत.

अडतं ते हवेपाशी. एक किलो, म्हणजे साधारण सव्वा लिटर डिझेल पूर्ण पचवायला जिवाणूंना जवळजवळ साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. पाण्यात तो लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. तेव्हा तेवढा ऑक्सिजन पाण्यातून पुरवायचा तर चार लाख लिटरहून जास्त पाणी हवं. हवेतून मात्र १२-१३ घनमीटरमध्ये भागतं. म्हणूनच आम्ही मातीचा ढीग रचताना त्यात भोकं पाडलेले पाइप घालतो आणि ब्लोअर लावतो.

नुसत्या डिझेलवर जिवाणूंचं भागत नाही. कार्बनच्या १०० भागांना नायट्रोजनचे सुमारे १० आणि फॉस्फरसचा १ भाग धरून आम्ही युरिया आणि डीएपी ही खतं देतो. ओल बघायची पद्धत घरगुती आहे: मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. काळ्या चिकण मातीत हवा शिरत नाही, म्हणून तीत भुसा मिसळावा लागतो. पावसाळ्यात वर ताडपत्री हवीच. थंडीत काम मंदावतं. काही महिने लागतात. आठवड्यात माती स्वच्छ करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वास गेला म्हणजे माती स्वच्छ झाली असंही नाही, ते प्रयोगशाळेच्या तपासणीतूनच कळतं.

पेट्रोलचं प्रकरण जास्त घाईचं. त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळतं आणि भूजलाबरोबर शेजाऱ्याच्या बोअरपर्यंत पोचू शकतं. ते कॅन्सरकारक आहे. संशय आला तरी त्या बोअरचं पाणी पिणं थांबवा, शेजाऱ्यांनाही सांगा.

धातूचे सुटे भाग धुवायचं ट्रायक्लोरोएथिलीन हे सॉल्व्हंट जमिनीत गेलं असेल तर सगळं उलटं. ते मोडणारे डिहॅलोकोकॉइडिस नावाचे जिवाणू ऑक्सिजन नसेल तिथेच जगतात. तिथे हवा सोडली तर काम बिघडतं. शिवाय वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होतं, तेही कॅन्सरकारक. त्याचं निरुपद्रवी इथिलीन होईपर्यंत आम्ही तपासण्या थांबवत नाही, खर्च वाढला तरी.

क्रोम प्लेटिंगवाल्यांना स्पष्ट सांगतो: धातू कोणताही जिवाणू 'खात' नाही. काही जिवाणू विषारी षट्संयुजी क्रोमियमचं पाण्यात फारसं न विरघळणाऱ्या त्रिसंयुजी रूपात रूपांतर करतात, पण क्रोमियम जमिनीतच राहतं.

आम्ही येईपर्यंत गळती बंद करा, आजूबाजूला विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको, सांडलेल्यावर कोरडी वाळू टाका. पाण्याने किंवा साबणाने धुवू नका, डिझेल आणखी खोल जातं. किती लिटर आणि कधी सांडलं ते लिहून ठेवा, आणि सॉल्व्हंट असेल तर त्याच्या डब्यावरचं लेबल काढू नका.